उलट्या आट्यांचं धुराडं

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी कहाणी सांगण्याआधी एक उसासा टाकावा अशी रीत आहे. माझी अडचण अशी की मी दिसायला वाफेचं इंजिन असलो तरी माझ्या पोटात वाफ नाही, जीपच्या वायपरची मोटर आहे. ती उसासे टाकत नाही, घुरघुरते. तेव्हा उसासा टाकला असं समजा आणि पुढे चला.

माझा जन्म बेळगावजवळ मच्छे इथल्या एका वर्कशॉपमध्ये, लेथवर झाला. भरमाप्पा तिथे टर्नर होते. त्यांचं गाव खानापूरकडचं, शेत रुळाच्या कडेला. लहानपणी म्हशी राखताना त्यांनी मीटरगेजचं काळं इंजिन रोज पाहिलं. ते मनात इतकं खोल बसलं की पंचावन्नाव्या वर्षी हातांतून बाहेर आलं. मालकाला विचारून त्यांनी पितळेचे उरलेले तुकडे घेतले आणि दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत मला घडवलं. डबा तसाच भरलेला घरी जायचा. आपल्या हाताची चव गेली, असा त्यांच्या पत्नीचा, राजाबाईंचा, बरेच दिवस समज होता.

मी हातभर लांब, सात किलो वजनाचा. चाकं गुळगुळीत, दिवा खरा, आणि वर धुराडं. धुराड्याचा मला भारी अभिमान होता. त्यातून धूर येत नाही हे मला माहीत होतं; पण मान ताठ ठेवायला धूर लागतोच असं नाही, हे तुम्ही आसपास पाहिलंच असेल.

वर्कशॉपात रूळ टाकायला जागा नव्हती. म्हणून माझी पहिली नोकरी कागद दाबून ठेवण्याची. ड्रॉइंगवर बसून मी पंख्याच्या वाऱ्याशी झुंज देत असे. एके दिवशी तिथे निपाणीचे श्रीपालअण्णा आले.

अण्णा तंबाखूचे व्यापारी. आमच्या निपाणीत रेल्वे नाही. येणार, येणार असं ऐकत इथल्या माणसांचे केस पांढरे होतात. अण्णांनी वाट पाहणं सोडून दिलं आणि घरातच रेल्वे आणायला सुरुवात केली. जर्मन, जपानी अशी बोटभर लांबीची बेचाळीस इंजिनं त्यांच्या टेबलावर धावत होती. त्या दिवशी ते पंपाचा शाफ्ट न्यायला मच्छ्याला आले होते. तिथून शहापूरला जाऊन मुलीच्या, त्रिशलाच्या, साखरपुड्याची साडी आणायची होती.

त्यांनी मला पाहिलं आणि ते स्टुलावर बसले. बसले म्हणजे, स्टूल तिथे होतं हे नशीब.

“आप्पा, हे कुणाचं?”

“माझंच की.”

“मला द्या.”

“देतो. रूळ हाय तुमच्याकडं?”

“करतो.”

“मग न्ह्या. पैसं नकोत. पर ह्याला कपाटात ठेवू नका अण्णा, पळवा. आन् पैल्यांदा पळंल तवा मला बोलवा. म्या बी अजून पळताना बघितलं न्हाय ह्याला.”

अण्णांनी शब्द दिला. भरमाप्पांनी मापही सांगितलं, “दोन रुळांतलं अंतर माझी चार बोटं.” अण्णांनी पावतीच्या मागे लिहून घेतलं आणि मला मांडीवर घेऊन निघाले. शाफ्ट मच्छ्यातच राहिला. शहापूरही राहिलं.

घरी अण्णांच्या पत्नीने, शालनआक्कांनी, पदर बघायला म्हणून माझं पुडकं हातात घेतलं. “लईच जड हाय वं. रंग कुठला आणला?”

“पितळी,” अण्णा म्हणाले.

पुढचं मी सांगत नाही. त्रिशला साखरपुड्याला आईची साडी नेसली. ती आता सांगलीला असते, पण फोनवर अजून विचारते, “पप्पा, माझी साडी पुसली काय?” हे अण्णा मला पुसत असतानाच विचारते.

अण्णांनी खरंच रूळ करायला टाकले. महिन्याभरात लोखंडी पट्ट्यांचे रूळ आले, मला त्यांच्यावर ठेवलं, आणि मी बसेनाच. एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची हवेत. अण्णांनी पावती काढून पाहिली. तिथे लिहिलं होतं, ‘चार बोटं’. ‘माझी’ हा शब्द राहून गेला होता. अण्णांनी मापासाठी स्वतःची बोटं दिली होती. ती तंबाखूची प्रत बघणारी, बारीक. भरमाप्पांची बोटं चाळीस वर्षं लोखंड धरून दणकट झालेली.

आता यात एवढं काय, फोन करायचा आणि विचारायचं. पण मोठ्या माणसाला छोटी चूक सांगायला फार मोठी हिंमत लागते. अण्णांनी मला दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. तात्पुरतं, असं म्हणाले. ते तात्पुरतं अकरा वर्षं चाललं.

माझं कौतुक खूप झालं, हे मी नाकारणार नाही. पाहुणे विचारत, “सोन्याचं हाय काय?” एकदा कपाटात माझ्यामागे एक छोटं स्टेशनही मांडलं गेलं. त्याच्या पाटीवर मराठी वर असावं की कन्नड, यावर दोन पाहुण्यांचा चहा गार झाला. अण्णांनी दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली, तेव्हा डाव्या-उजव्याचा वाद सुरू झाला. शेवटी आक्कांनी एका गोल डब्यावर दोन्ही नावं लिहायला लावली. “आता फिरून वाचा,” म्हणाल्या. तेव्हापासून शांतता आहे.

पण मित्रांनो, समोर टेबलावर बेचाळीस परदेशी पोरं धावत असायची आणि घरातलं सगळ्यात लाडकं इंजिन काचेआडून बघत असायचं. फार आवडणाऱ्या वस्तूचं असंच होतं. दर दिवाळीला भरमाप्पांचा फोन यायचा.

“अण्णा, रूळ झालं?”

“होतायत आप्पा, होतायत.”

आमच्या भागात रूळ ‘होतायत’ म्हटलं की माणसं समजून घेतात.

यंदा फोन दिवाळीच्या आधी आला, ऐन चातुर्मासात. अण्णांनी सवयीने ‘होतायत’ म्हटलं. पलीकडून भरमाप्पा म्हणाले, “तुम्ही घाई करा म्हणत न्हाय अण्णा. पर माझं डोळं घाई कराय लागल्यात. काचबिंदू हाय. मधी ताटाएवढं गोल दिसतंय, तेवढंच. डाक्टर म्हणत्यात, ते बी किती दिवस ऱ्हाईल सांगता येत न्हाय.”

अण्णा फोन ठेवून माझ्यासमोर आले. मग त्यांनी किल्ली काढली. मला कागदावर ठेवलं आणि चाकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजलं. अकरा वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

पंधरा दिवसांत गच्चीवर, पाण्याच्या टाकीभोवती, गोल रूळ पडले. मला त्यांच्यावर ठेवलं आणि मी बसलो. नुसता बसलो तरी जन्म घेतल्यासारखं वाटलं. भरमाप्पांना येत्या रविवारचं बोलावणं गेलं. आधी एक चाचणी घेऊन बघावी, असं कुणीतरी सुचवताच अण्णा म्हणाले, “पैल्यांदा पळंल ते त्यांच्यापुढंच.” मी चार दिवस पत्र्याच्या सावलीत उभा राहून वाट बघत होतो.

रविवारी सकाळी आक्का फडकं घेऊन मला पुसायला आल्या आणि ओरडल्या, “अवं, थांबा! धुराड्यात जीव हाय!”

माझ्या अभिमानाच्या धुराड्यात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

“कुंभारीण हाय ती, शालन. माशी,” अण्णा म्हणाले.

“माशी हाय म्हणून काय झालं? पिल्लं असतील आत. आन् चातुर्मास चालू हाय. गाडी हादरली की घर फुटंल.”

“अगं, पर आज आप्पा येणार…”

“मग काय करू? तिनं चार दिवसांत घर बांधलं. तुमच्यावाणी अकरा वर्षं न्हाय लावली.”

खरं सांगायचं तर कुंभारीण आपल्या पिल्लांसाठी घरात कोळी भरून ठेवते. ही माहिती आक्कांना कुणी दिली नव्हती. मला बोलता येत नाही हे त्या दिवशी बरंच झालं.

दुपारी चारच्या सुमारास भरमाप्पा राजाबाईंचा हात धरून गच्चीवर आले. अण्णांनी हात जोडले. “आप्पा, आज गाडी चालणार न्हाय. आत जीव हाय. तीन आठवडं तरी थांबाय लागंल.” आणि मग, एकदा तोंड उघडलंच आहे तर, अकरा वर्षांपूर्वीचंही बाहेर पडलं. “रूळ तवाच केलतो. माप चुकलं. ‘माझी’ ल्ह्यायचं राहिलं. सांगायची लाज वाटली.”

भरमाप्पांनी अण्णांचा हात हातात घेतला, स्वतःची चार बोटं त्यांच्या चार बोटांवर ठेवली आणि चाचपून पाहिली. “एवढ्याश्या रुळावर माझं इंजन? सायकल झाली असती की, अण्णा!” हसता हसता त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला. अकरा वर्षांनीही तो हात मला ओळखत होता. बोट धुराड्याच्या काठाशी आलं, मातीला टेकलं आणि थांबलं.

“आक्का,” भरमाप्पा म्हणाले, “घराला धक्का लागू द्यायचा न्हाय, एवढंच न्हवं?”

“व्हय. बाकी काय म्हणणं न्हाय माझं.”

त्यांनी धुराडं बुडाशी धरलं आणि फिरवलं. अण्णा दचकले. गेली अकरा वर्षं ते मला पुसत होते, पण धुराडं निघतं हे त्यांना माहीत नव्हतं.

“उलटं आटं पाडल्यात,” भरमाप्पा म्हणाले. “कुणी पोरानं फिरवलं तर सरळ फिरवंल आन् उलट घट्टच बसंल. म्हणून.”

कुंभारणीचं घर अगदी हळू साडेतीन फेरे फिरलं. धुराडं सुटलं. भरमाप्पांनी ते शेजारच्या कट्ट्यावर, एका पेल्यात उभं ठेवलं. तेवढ्यात मालकीण परतली. जिथे धुराडं होतं तिथल्या रिकाम्या हवेत घोटाळायला लागली. आक्का श्वास रोखून उभ्या. “इकडं गं बाई, इकडं,” म्हणत राहिल्या. कुंभारणीने एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि पेल्यातल्या घराच्या दारावर जाऊन बसली.

“सोडा आता गाडी,” आक्का म्हणाल्या.

भरमाप्पांना स्टुलावर असं बसवलं की त्यांचं ताटाएवढं गोल नेमकं रुळावर यावं. अण्णांनी बटण दाबलं. आणि मित्रांनो, ज्या दिवसासाठी मी घडलो त्या दिवशी मी निघालो तो बोडका.

पहिल्या सांध्यावर खट झालं तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली. दुसऱ्यावर बरं वाटलं. टाकीला वळसा घालून मी आप्पांच्या गोलात शिरलो.

“आलं,” ते म्हणाले. मग, “गेलं.”

मी पुन्हा वळसा घातला.

“आलं… गेलं.”

राजाबाई म्हणाल्या, “ह्याच्यापायी दोन वर्षं माझा डबा आंबवलासा व्हय?” आणि डोळ्याला पदर लावला. आक्कांनी हाक दिली, दिवस मावळायच्या आत जेवायला चला. जैनांचं घर, त्यांच्याकडे सूर्यास्तानंतर कुणी जेवत नाही.

“अजून एकच फेरा,” भरमाप्पा म्हणाले.

“त्या वक्ताला बी असंच म्हणायचं हे,” राजाबाई आक्कांना म्हणाल्या. त्या दिवशी मी एकतीस फेरे मारले. जेवण सूर्य टेकता टेकता उरकलं.

आता भरमाप्पांचं ते गोलही मिटलं आहे. दर रविवारी अण्णा मला सोडतात आणि फोन रुळाजवळ धरतात. परवा पलीकडून आवाज आला, “अण्णा, चौथ्या सांध्याची पट्टी ढिली झालीया. आवळून घ्या.” अण्णांनी बघितलं. झाली होती.

मित्रांनो, तुमची एखादी वस्तू फार आवडती असेल तर तिला कुलपात ठेवू नका. तिला तिचं काम करू द्या, झिजली तर झिजू द्या. आणि कुणी बोटांचं माप सांगितलं, तर बोटं कुणाची हेही लिहून घ्या. चूक झालीच तर त्या माणसाला लगेच फोन करा. तो बहुधा हसतो.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला घडवणारा मिळाला, भुलणारा मिळाला आणि रूळही मिळाले. आणखी काय हवं? कुंभारणीची पिल्लं उडून गेली. भरमाप्पांनी फोनवर आटे कसे फिरवायचे तेही सांगितलं. पण आक्का म्हणतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा आली तर कुठं जाईल? धुराडं अजून कट्ट्यावर पेल्यातच आहे. मी तसाच पळतो. धूर तसाही नव्हता.