सुटलेलं प्रकरण

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या सोमवारी आमच्या मठाच्या सभागृहात सतरंजी अंथरतात आणि पुस्तकं तिच्यावर मांडतात. एकेकाचं नाव पुकारलं जातं. ज्यानं वर्षभरात आपलं पुस्तक वाचलं तो ते परत ठेवून दुसरं घेतो. ज्यानं वाचलं नाही तो सगळ्यांसमोर पालथा पडून क्षमा मागतो. मी गोस्विन, त्या वेळी मठाचा लेखनिक. माझं अक्षर शेल्ड नदीच्या दोन्ही काठांवर नावाजलेलं होतं, आणि हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं.

त्या सोमवारी ग्रंथपेटीच्या किल्ल्या मला मिळायच्या होत्या. त्यामुळे मी जरा जास्तच ताठ उभा होतो.

वाझेलिनदादांचं नाव आलं. सत्तरी उलटलेली, सारं आयुष्य कोबीच्या वाफ्यांत गेलेलं, हाताला कंप. त्यांनी सद्गुणांवरचं पुस्तक सतरंजीवर ठेवलं आणि हळूच विचारलं, "हेच परत मिळेल का?"

ते पुस्तक मीच नकलून काढलेलं. पण सलग तिसऱ्या वर्षी हीच मागणी ऐकून माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याला वाचायचा कंटाळा, म्हणून एकच पुस्तक उराशी धरून बसतोय, असं मी ठरवूनच टाकलं. एकमेकांचे दोष सभेत मांडणं हे आमच्याकडे कर्तव्यच समजतात. मी पुढे झालो.

"बाबा, वाझेलिनदादांचा दोष मांडतो. दादा पुस्तकं वाचत नाहीत, नुसती सांभाळतात."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मठाधिपती आलुल्फबाबा हसले नाहीत.

"वाझेलिन, वाचलंत का हे?"

"वाचलं, बाबा."

"मग परत कशाला हवंय?"

बाबांनी पुन्हा विचारलं. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गुडघे टेकले आणि थंडगार फरशीवर पालथे पडले. "चुकलो," एवढंच म्हणाले.

मठाधिपतींना उत्तर न देणं म्हणजे आज्ञाभंग. शिक्षा झाली: ईस्टरपर्यंत जेवणाच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसायचं, सगळ्यांचं जेवण झाल्यावर कोरडा पाव आणि पाणी घ्यायचं. मला किल्ल्या मिळाल्या.

दुपारी ते पुस्तक पेटीत ठेवताना बोटाला एक दोरा लागला. माझ्या शिवणीतला तो नव्हता. चौथ्या प्रकरणानंतर चर्मपत्राचं एक लहानसं पान कुणीतरी शिवून टाकलं होतं. कोंबडीनं उकरल्यासारखी अक्षरं. वर लिहिलं होतं: पाचवं प्रकरण, भावाचं उणं झाकण्याविषयी.

माझ्या पुस्तकात चौथ्यानंतर थेट सहावं होतं. पाचव्याची आणि सहाव्याची सुरुवात एकाच वाक्यानं होती. मध्येच प्रार्थनेची घंटा झाली, मी उठून गेलो, परत आलो आणि नजर सहाव्यातल्या त्याच वाक्यावर पडली. दुसऱ्या मठातून उसनी आणलेली मूळ प्रत तर केव्हाच परत गेली होती. आमच्याकडे नियम आहे: ज्याच्या निष्काळजीपणानं अख्खं प्रकरण सुटतं, त्याची लेखणी जन्मभरासाठी जाते.

पानाच्या तळाशी चार ओळी आखलेल्या, पण कोऱ्या होत्या.

मी वाफ्यांकडे धावलो. "दादा, हे कुठून लिहिलंत?"

"डोक्यातून. नवखा होतो तेव्हा पाठ केलं होतं. हात हा असा, म्हणून बऱ्या दिवशी दोन शब्द, आणि थंडीत तेही नाही. चार ओळी राहिल्यात, म्हणून तर पुस्तक मागत होतो. आणि तू शहाण्या, नेमका उठलास!"

"मला सांगायचं होतंत."

"तुला? तुझ्या अक्षराला कुणी वाकडं म्हटलं तर दोन दिवस तुझ्या घशाखाली घास उतरत नाही. आणि तुला कळलं असतं तर तुला सभेत कबूल करावं लागलं असतं. लेखणी गेली की करशील काय? कोबी लावशील? तुला विळा तरी धरता येतो का? जा, गप बैस."

मी गप बसलो. प्रकरण सुटलं ती नजरचूक होती, पण हे मी समजून उमजून केलं. रोज जेवणाच्या खोलीतून बाहेर पडताना दाराशी बसलेले दादा दिसत. रोज त्यांचा खोकला वाढत होता. उद्या सांगू, असं म्हणत मी अकरा दिवस काढले. अकराव्या दिवशी त्यांना उचलून आजाऱ्यांच्या खोलीत न्यावं लागलं.

बाराव्या दिवशी मी सभेत पालथा पडलो आणि सगळं सांगितलं. बाबांनी ते पान बराच वेळ वाचलं. मग माझ्याकडून किल्ल्या, पिसाची लेखणी आणि ती तासायचा चाकू मागून घेतला.

"हे तुला केव्हा कळलं?"

"त्याच सोमवारी, बाबा."

बाबांनी लगेच दादांना वाइन आणि गरम सार पाठवलं, पण तोवर त्यांना जेमतेम घोटभर गिळवत होतं.

मी उशाशी बसलो तेव्हा दादांनी डोळे उघडले. "सांगितलंस ना शेवटी? गाढव आहेस." माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. "रडू नको, ऐक. त्या चार ओळी राहिल्यात."

त्यांनी त्या म्हटल्या. मी मागून म्हटल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मान डोलावली. भावाचं उणं ज्यानं झाकलं, त्यानं आपण ते झाकलं हेही विसरून जावं, असा त्या ओळींचा अर्थ आहे. ईस्टरच्या चार दिवस आधी आम्ही त्यांना मरणाऱ्यासाठीच्या रीतीप्रमाणे राखेवर निजवलं, आणि ते गेले.

बाबांनी त्या ओळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतल्या नाहीत. "जागा कोरी राहू दे," मला म्हणाले. "जगशील तोवर तू म्हणत जा."

आता दादांचे वाफे माझ्याकडे आहेत. विळा धरता येतो, पण कोबी त्यांच्यासारखा होत नाही. परवाच्या सोमवारी सतरंजीवर मी सद्गुणांवरचं पुस्तक ठेवलं आणि तेच परत मागितलं. हे माझं नववं वर्ष. सभेत कुणीही उठलं नाही. बाबांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि कशाला हवंय, असं विचारलं नाही.