प्लॅस्टिकच्या गाडीत रेडिओ

चुंबक काही केल्या चिकटेना. माझा धाकटा भाऊ डुएन तो काडेपेटीएवढा काळा अँटेना गाडीच्या पाठीवर ठेवी, दाबून धरी, हात काढी, की अँटेना घसरत खाली. शेवटी त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही गाडी मीच बनवली होती.

"ही लोखंडाची नाहीच, नेडीन."

"नाहीच आहे. कॉर्व्हेट फायबरची असते हे आपल्या रॉलिन्समधल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. चुंबकवाला अँटेना उचललास तेव्हा अक्कल कुठे चरायला गेली होती?"

"तूही होतीस की दुकानात."

होते. तेच तर दुःख. इतकी वर्षं ही लाल गाडी पुसायला मदत करतेय, आणि दुकानात उभी राहून माझ्या डोक्यात फक्त एकच गोष्ट होती: माझा नवरा ऑरिन लॅरमीहून परत यायच्या आत काम उरकायला हवं. तो पिकअप घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेला होता. कॉर्व्हेटला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नाही. एक्क्याऐंशी साली कारखान्यातून जशी निघाली तशीच ती राहिली पाहिजे, स्क्रू न् स्क्रू. आणि मी तिच्यात सॅटेलाइट रेडिओ, थेट उपग्रहावरून ऐकू येणारा, बसवायला निघाले होते.

कारण मार्नी. आमची मुलगी.

ऑरिनने जन्मभर ट्रक चालवला. मार्नी लहानपणी सुट्टीत त्याच्या शेजारी बसून अर्धा देश फिरली, गिअर टाकायला त्याच्याच मांडीवर शिकली. त्याचे गुडघे गेले तेव्हा ट्रक तिने मागितला. ऑरिन म्हणाला, रस्त्यावर मी काय काय पाहिलंय ते तुला ठाऊक नाही, बाईमाणसाचं ते काम नव्हे. ट्रक त्याने कॅस्परच्या एका माणसाला विकला आणि त्या पैशांत ही गाडी आणली. "माझा ट्रक विकून प्लॅस्टिकचं खेळणं आणलंस," एवढं बोलून मार्नी नॅशव्हिलला निघून गेली. बाप-लेकीत त्यानंतर एक शब्द नाही.

आता ती तिथे सॅटेलाइट रेडिओवर ट्रकवाल्यांचा कार्यक्रम करते. दुपारी ड्रायव्हर लोक वाटेतून फोन करतात, ती त्यांच्याशी गप्पा मारते. डुएनच्या पिकअपमध्ये तो रेडिओ आहे, मी त्यात ऐकते. एकदा डुएनने ऑरिन शेजारी असताना मुद्दाम लावला, तर ऑरिन सिग्नलला उतरला आणि वाऱ्यातून चालत घरी आला. दर रविवारी मार्नी फोनवर मला विचारायची, "ऐकलं का त्याने?" आणि मी काहीतरी दुसराच विषय काढायचे.

या रविवारी तिने विचारलंच नाही. हवापाणी, डुएनचा कुत्रा, सगळं विचारलं, ते तेवढं नाही. पोर विचारायची थांबली म्हणजे आशा सोडली. माझं गणित साधं होतं. ऑरिन रोज दुपारी या गाडीतून एकटाच धरणापर्यंत जाऊन येतो. तिथे त्याचा चेहरा बघायला कुणी नसतं. माणूस ताठ असतो तो चारचौघांत. एकट्याने तो ऐकेल. निदान एकदा तरी.

"मग स्क्रूने बसवू," डुएन म्हणाला आणि त्याने ड्रिल उचललं. "बारीक दोन भोकं. दिसायचीसुद्धा नाहीत."

"खबरदार. तू त्याला ओळखत नाहीस का? भोक दिसलं की तो मुलीलाही विसरेल आणि मलाही."

"मग चिकटपट्टी लाव आणि बस रडत. तुला रेडिओ हवाय की नको?"

हवा होता. मी इतकी घाबरले होते, की एक क्षण खरंच वाटलं, पाडू दे भोक, पुढचं पुढे. तोंडातून "थांब" निघालं नाही. डुएनने ड्रिलचं टोक लाल रंगावर टेकवलं, आणि गॅरेजच्या दारात पिकअपचा आवाज आला.

एल्क माउंटनपाशी वाऱ्याने गाड्या उलटतात म्हणून रस्ता बंद केला होता, ऑरिन अर्ध्या वाटेतूनच मागे फिरला होता. एवढी वर्षं इथे वायोमिंगमध्ये राहूनही वाऱ्याचा हिशेब माझ्या लक्षात आला नव्हता.

तो आत आला. आधी त्याने भिंतीतून ड्रिलची वायर उपटली. मग डुएनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय चाललंय?"

खोटं बोलायची माझी ताकद नव्हती. "मार्नीचा रेडिओ," मी म्हटलं. "तुझ्या गाडीत. तुला न विचारता. मीच सांगितलं त्याला."

डुएन भिंतीला असा चिकटला, की अँटेनाला त्याच्याकडून शिकवणी लावायला हवी होती. ऑरिन ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खाली पडलेला अँटेना उचलला, उलटा केला, चुंबकावरून अंगठा फिरवला.

"याला खाली लोखंड लागतं," तो शेवटी म्हणाला. "नुसतं चिकटायला नव्हे, लहरी पकडायलासुद्धा. उंटावरचे शहाणे कुठले. नेडीन, तुझा बिस्किटं भाजायचा ट्रे आण. जुना."

मी धावत गेले, धावत आले. त्याने मागच्या काचेखालचा गालिचा उचलला, ट्रे खाली सारला, त्यावर अँटेना ठेवला. खटकन बसला. "काचेतून आणि फायबरमधून लहरी आरपार जातात. भोक कशाला हवं? लोखंडाची असती तर मात्र बाहेरच लावावा लागला असता." नव्या रेडिओचा छोटा डबा त्याने सिगरेट-लायटरच्या जागी खोचला आणि त्याचा आवाज यावा म्हणून गाडीतला जुना रेडिओ एका रिकाम्या स्टेशनवर आणला. नुसती खरखर.

"छपराखाली आकाश दिसत नाही याला," तो म्हणाला. "बस."

"मी?"

"मग कोण, डुएन?"

मी बसले. माझं सगळं गणित ढासळलं. तो एकटा हवा होता, आणि आता त्याच्या शेजारी मीच, त्याचा चेहरा बघायला. मी समोर रस्त्याकडे नजर लावली.

गाव मागे पडलं तेव्हा कुठे त्याला आकाश सापडलं आणि खरखर एकदम थांबली. आत मार्नी होती. मध्येच, एका वाक्याच्या अर्ध्यात, हसत होती. टेनेसीचा कुणी ड्रायव्हर कोंबड्या घेऊन निघाला होता आणि ती त्याला चिडवत होती. ऑरिनचा हात बटणाजवळ होता. बंद करतो की मोठा करतो, मला कळेना. समोरून एक पिवळी कॉर्व्हेट आली, तिच्या चालकाने हात केला. कॉर्व्हेटवाले एकमेकांना हात करतातच, न करणं म्हणजे सरळ अपमान. ऑरिनने हात केला नाही.

मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तिला विचारलं, "पोरी, तुला गिअरबॉक्समधलं एवढं कसं कळतं? शिकवलं कुणी?"

सोड ना विषय, मी मनात म्हटलं.

"होता एक माणूस," मार्नी म्हणाली. "फार चांगला शिकवायचा. मग त्याने ट्रक दुसऱ्यालाच विकला." आणि ती हसली. ते हसू मी ओळखते. लहानपणी पडली की अशीच हसायची, रडू येऊ नये म्हणून.

ऑरिनने गाडी कडेच्या खडीवर घेतली आणि थांबवली. संपलं, मला वाटलं, आता हा डबा उपटून बाहेर फेकणार.

"फोन दे," तो म्हणाला.

"कशाला?"

"दे गं."

रेडिओवर नंबर सांगत होतेच. मी त्याच्या हाताला धरलं. "ऑरिन, भांडू नकोस. सगळा देश ऐकतोय. तिची नोकरी आहे ती. घरी भांड, मला बोल, पण तिथे नको."

त्याने हात सोडवून घेतला आणि नंबर फिरवला. पलीकडे कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, त्याने रेडिओचा आवाज पार बंद केला. आता मला काहीच ऐकू येईना. फक्त वारा, आणि फोन कानाला लावलेला माझा नवरा. त्याची मान लाल झाली होती. रागावला की होते तशी. दुसऱ्या कशाने होते का, मला आठवेना.

बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, "वायोमिंगहून."

मग थांबला. "हो, ऐकतोय. आजच लावलाय."

पुन्हा थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं आता तोंड सुटतं याचं. मी डोळे मिटून घेतले.

"तुझी आई," तो म्हणाला, आणि फोन बंद केला.

"अरे, काय बोललास तू? तिने काय विचारलं? ठेवलास कशाला?"

"पुढे जमेना," तो म्हणाला.

मी रेडिओचं बटण फिरवलं. सॅटेलाइटवर सगळं थोडं उशिराच येतं, वर जाऊन खाली यायचं असतं. तिचा आवाज आला, सगळ्यांना विचारते तेच विचारत होती. "आणि मागे माल काय आहे, ड्रायव्हर?"

"तुझी आई." ऑरिनचाच आवाज, जुन्या स्पीकरमधून, घोगरा.

मग काहीच नाही. रेडिओवर इतका वेळ कुणी गप्प बसत नाही. मला वाटलं, लहरी तुटल्या. मी ट्रेकडे वळून बघितलं. नंतर मार्नी बोलली, हळू, कामाचा आवाज बाजूला ठेवून.

"जपून आण तिला, डॅड."

आणि लगेच गाणं लागलं. मी मूर्खासारखी रडत होते. ऑरिन स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. वाऱ्याने गाडी हलत होती.

"'आण' म्हणाली," त्याने विचारलं, "की 'ने'?"

"आण," मी म्हटलं.

"नीट ऐकलंस?"

"आण म्हणाली, ऑरिन."

त्याने पेट्रोलचा काटा बघितला.