देह कुणाच्या हाती

सकाळची लिंगपूजा आटोपून दाक्षायणी कपाळाला विभूती लावत होती, तेवढ्यात कल्लूरहून निंगव्वाच्या मुलाचा, शेखरप्पाचा फोन आला. "अक्का, अव्वा पहाटे गेली. तुम्ही या."

निंगव्वानं आपला देह मेडिकल कॉलेजला द्यायचं ठरवलं होतं, ते दाक्षायणीच्याच शब्दावर. लिंगायताला बसवून माती द्यायची, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं. ते सोडून टेबलावर आडवं व्हायला गावातली दुसरी एकही बाई तयार नव्हती. निंगव्वाची लेक बाळंतपणात रक्त जाऊन गेली होती. त्या वेळच्या कोवळ्या डॉक्टरचे हात थरथरताना म्हातारीनं पाहिले होते. "त्या लेकराला कुणी नीट दाखवलंच नसेल गं," ती म्हणायची. "तू दाखव माझ्यावर. पण तूच हं! दुसऱ्या कुणी हात लावला, तर उठून बसेन." आणि बोळक्या तोंडानं हसायची.

दाक्षायणी डॉक्टर नव्हती. शरीररचनेत एम.एस्सी. करून जन्मभर तिनं तोच एक विषय शिकवला. सुरी धरण्याआधी ती पोरांना मृतदेहाच्या पायांशी नमस्कार करायला लावी. यंदा कॉलेजच्या नव्या मंडळींनी ठरवलं, की ज्यानं रोग्याला हात लावलाय त्यानंच शरीर शिकवावं. तिची रवानगी अवयवांच्या बरण्यांच्या संग्रहालयात झाली. टेबलापाशी आता डॉक्टर प्रज्वल उभे राहत. कुठली नस तुटली की रोगी कसा दगावतो, ते सांगत. दाराआडून ऐकताना दाक्षायणीला वाटे, हे आपल्याला कधी सांगता आलं नसतं.

निंगव्वाला हे सांगायला म्हणून ती कल्लूरला गेली होती, ती भाकरी-चटणी खाऊन, न सांगताच परतली होती.

आज निंगव्वाच्या दारात कॉलेजची गाडी उभी होती. आत म्हातारीला भिंतीशी टेकवून बसवलं होतं. अय्या, म्हणजे गावचे जंगम, कोपऱ्यात तोंड फुगवून बसले होते.

"आल्या बघा अव्वाच्या लाडक्या," सून कस्तूरी पुटपुटली. "जन्म दिलेली पोरं राहिली बाजूला."

शेखरप्पानं कागद पुढे केला. "माझ्या मनाला पटत नाही अक्का, पण अव्वाचा शब्द आहे. करतो सही. तुम्हीच असाल ना तिच्यापाशी?"

"हो म्हणा की मॅडम, ऊन चढतंय," ड्रायव्हर म्हणाला.

हो म्हणणं सोपं होतं. दाक्षायणीनं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. "नाही शेखरप्पा. मला आता तिथं शिकवू देत नाहीत."

"मग कोण?"

"एक डॉक्टर आहेत. चांगले आहेत. माझ्याहून जास्त पाहिलंय त्यांनी. द्या तिला. पोरं शिकावीत, हेच तर हवं होतं तिला."

"त्यांनी अव्वाला कधी पाहिलं होतं?"

"नाही."

शेखरप्पा आईकडे बघत राहिला. "अव्वानं देह तुम्हाला दिला होता, अक्का. कॉलेजला नव्हे."

दाक्षायणीनं पुन्हा विनवलं. पण बोलण्यात जोर नव्हता, हे तिचं तिलाच कळलं. का नव्हता, तेही कळलं. निंगव्वाच्या छातीवर परका हात फिरलेला तिलाच नको होता. तिनं मान खाली घातली. गाडी रिकामी गेली.

खड्डा तयार झाला. लिंग ठेवायला डावी मूठ उघडेना. अय्या बोटं ओढू लागले.

"ओढू नका," दाक्षायणी म्हणाली. खाली बसून तिनं म्हातारीचं मनगट दोन्ही हातांत धरलं, चोळलं आणि हळूहळू आतल्या बाजूला वाकवलं. बोटं आपसूक सुटली.

"हे कसं झालं?" कस्तूरीनं विचारलं. तिच्या आवाजातला टोमणा गेला होता.

"मनगट आत वळलं, की हाताच्या पाठीवरच्या दोऱ्या ताणतात. त्याच बोटं उघडतात." तिनं कस्तूरीचा हात घेऊन वाकवून दाखवला. "बघ. प्रत्येक बोटाला वेगळी दोरी. आणि इथं, अंगठ्याच्या मुळाशी..."

तिनं सरकून जागा दिली; उघड्या तळहातावर लिंग ठेवून म्हातारीला खड्ड्यात बसवलं. अय्यांनी मंत्र सुरू केला, आणि शेखरप्पानं पहिली मूठभर माती टाकली.