कळस दोन माडांच्या मधी

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी महादूच्या जागेच्या आसपास पाच होड्या उभ्या होत्या. आदल्या दिवसापर्यंत तिथे त्याच्या होडीशिवाय दुसरी होडी कोणी पाहिली नव्हती. महादूने लांबूनच इंजिन मंद केलं, डोक्याचा टॉवेल सोडून पुन्हा बांधला, आणि आपण भलतीकडेच निघालो होतो असं दाखवत उत्तरेला वळला. आठ वाजता तो मिठबावच्या किनाऱ्याला लागला तेव्हा होडीत चार बारके मासे होते.

त्याची बायको किशोरी टोपली घेऊन वाट बघत होती.

"गो किशोरी, वाचनालयाच्या फळ्यार तू काय लिवलंस?"

"कविता."

"कविता नाय ती. पत्तो आसा."

किशोरीने समुद्राकडे पाहिलं. पाचही होड्या अजून तिथेच होत्या. तिने टोपली खाली ठेवली आणि ती वाळूत बसली.

महादूची जागा म्हणजे पाण्याखालचा एक खडक. त्याच्या वडिलांनी शोधलेला. तांबोशी आणि गोबरे हे मासे तिथे वर्षभर मिळतात, आणि घर त्याच्यावर चालतं. वरून बघितलं तर नुसतं पाणी. जागा सापडते ती किनाऱ्यावरच्या खुणांनी: देवळाचा कळस ठरावीक दोन माडांच्या बरोबर मध्ये आणायचा, पाण्याची टाकी डोंगराआड घालवायची, आणि गळ सोडायचा. अशा खुणा घरातल्या घरात राहतात. होडीवरचा गडी सोडून गेला तेव्हा किशोरी दोन वर्षं नवऱ्याबरोबर जात होती, म्हणून तिला ठाऊक.

मग या खुणा फळ्यावर गेल्या कशा, त्याचं कारण दत्तप्रसाद सर.

सर निवृत्त शिक्षक, राहणार फोंडाघाट, म्हणजे डोंगरातले. पाणी दिसलं की चप्पल हातात घेणारा माणूस. वाचनालयाने सप्टेंबरपासून दर शनिवारी चार वाजता त्यांचा कविता शिकण्याचा वर्ग ठेवला. किमान सहा माणसं हवी होती, जमली पाच. ग्रंथपाल दिव्याने मासळीबाजारात येऊन किशोरीचं नाव घातलं. "वयनी, नुसती बसान ऱ्हव." किशोरी एक शनिवार नुसती बसली. दुसऱ्या शनिवारी तिने वही आणली.

पहिल्या कवितेत तिने चंद्र आणि चकोर घातले होते.

"ताई, चकोर पाहिलाय तुम्ही?" सरांनी विचारलं.

"नाही सर. सगळेच घालतात, म्हणून मी पण."

"मग तो सगळ्यांचा. तुम्हाला एकटीला जे माहीत आहे ते लिहा. ज्या भाषेत घरी बोलता त्या भाषेत. आणि मोघम नको. झाड म्हणजे कुठलं झाड? वाट म्हणजे कुठली वाट? नेमकं लिहा."

किशोरीने दहा आठवडे चकोर काढायला घालवले. त्यानंतरच्या शनिवारी तिने हे वाचलं:

कळस येता दोन माडांच्या मधी,
टाकी जाता डोंगराच्या कानामागे,
थंय गळ सोडता माझो घोव,
दर्या थंय मूठ उघडता.

सर खुर्चीतून उठले. असं ते कधी करत नसत. "शेवटची ओळ पुन्हा वाचा," म्हणाले. मग दिव्याला म्हणाले, "हे फळ्यावर गेलं पाहिजे." दिव्याने ते निळ्या खडूने, सुंदर अक्षरात, वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं. खाली नाव घातलं. किनाऱ्यावर जायची वाट त्या फळ्यावरूनच जाते.

"माका वाटला, कविता कोण वाचता?" किशोरी वाळूत बसून म्हणाली.

"आजपासून सगळे वाचतत," महादू म्हणाला.

त्याने फळा पुसायला लावला. पण तोवर कवितेचा फोटो बहुतेक मोबाइलवर पोचला होता. मिठबावात इतकी वाचली गेलेली कविता दुसरी नसावी.

एक गोष्ट मात्र महादूच्या बाजूने होती. कवितेत दोन माड होते. किनाऱ्यावर माडांना तोटा नाही. ते दोन कुठले, हे प्रत्येक होडीने आपापल्या अकलेने ठरवलं होतं, म्हणून पाच होड्या पाच जागी उभ्या होत्या. पण हा धीर फार दिवस पुरणारा नव्हता. त्या पाचांतल्या प्रितमच्या होडीवर जीपीएस आहे. खडकावर एकदा गळ लागला आणि त्याने बटण दाबलं, की जागा यंत्रात गेली. मग माड तोडले तरी काही फरक पडत नाही. आणि महादू स्वतः तिकडे फिरकला असता तर माड दाखवल्यासारखंच झालं असतं. तो दूर राहिला.

सोमवारपासून मासळीबाजारात किशोरीच्या ओट्यासमोर रसिक यायला लागले.

"वयनी, कविता बरी आसा हां," प्रितम म्हणाला. तिशीचा, गोड बोलणारा. "पण ते माड खंयचे, तां काय समाजला नाय."

"कवितेतले माड ते. बांगडे देऊ?"

"अर्थ विचारतंय मी."

"अर्थ सर सांगतले. शनवारी ये."

रागाने बोलली, पण प्रितमने ते मनावर घेतलं.

महादूने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "दुसरी लिव."

"काय?"

"दुसरी कविता. चिखलाची जागा दाखवन दी. दीपमाळेच्या समोरची. थंय गळ सोडलो तर चप्पल लागात. पाचय जण थंय जाऊंदेत."

"खोटा लिवू?"

"मगे खरा लिवन काय झाला?"

 किशोरी वही घेऊन बसली. महादूने सांगितलेल्या खुणा तिने ओळीने मांडल्या, शेवटी 'दर्या थंय हात पसरता' असं घातलं आणि त्याला वाचून दाखवलं. आयुष्यात एकही कविता न वाचलेला महादू डोळे मिटून ऐकत होता.

"नाय," तो म्हणाला. "ह्यां आयकान माकाच थंय जावंसा वाटाना."

"तुका काय समाजता?"

"पयल्या कवितेत माका पाणी दिसला होता. ह्येच्यात फळो दिसता."

तिने चार वेळा लिहिली. चारही वेळा फळाच दिसला. शुक्रवारी दुपारी, बाजारातून आल्यावर पाय धुताना, तिला आठवलं की त्या चिखलाच्या जागी ती एकदा गेली होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी. पूर्ण सकाळ बसून गळाला एक फाटकी परकराची नाडी लागली होती, आणि दोघं इतकी हसली की होडी कलंडता कलंडता राहिली. ओल्या पायांनीच ती वहीकडे गेली.

शाळेचा छप्पर येता पिंपळाआड,
दीपमाळ लपता काळ्या खडपापाठी,
थंय पयल्या वर्साक आमी दोगां हासलो
आणि होडी भरली.

महादूने ऐकलं. 

"होडी खंय भरली होती?"

"तां तुका आणि माका ठावक."

"बरा जमला," तो म्हणाला, आणि उगाच होडीचं इंजिन बघायला गेला.

शनिवारी वर्गाला सहाऐवजी चौदा माणसं होती. मागच्या दोन बाकांवर आठ मच्छीमार, आंघोळ करून, शर्टाची बटणं लावून. सर भारावले. "कवितेची ताकद बघा," म्हणाले. किशोरीने दुसरी कविता वाचली. मागच्या बाकांवर मोबाइल वर झाले. दिव्याने हिरवा खडू घेतला.

तेवढ्यात प्रितम उभा राहिला. सरांशी तो शहरी मराठीत बोलला.

"सर, एक शंका. या दोन कवितांमधली खरी कुठली?"

किशोरीच्या हातातली वही मिटली.

"वा!" सर म्हणाले. "कवितेला विचारायचा प्रश्न हाच. अनुभव खरा आहे की रचलेला? ते ओळच सांगते. पण घाईत सांगणार नाही मी. ताई, दोन्ही घरी नेतो. पुढच्या शनिवारी एकेक ओळ घेऊन बोलू."

किशोरीने दोन्ही पानं वहीतून फाडून दिली. साडेपाचच्या एसटीने दोन्ही कविता फोंडाघाटला गेल्या.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तीन होड्या दीपमाळेच्या समोर चिखलावर होत्या. एक दोन्ही जागांच्या मध्ये कुठेतरी घुटमळत होती. प्रितमची होडी किनाऱ्यावर बांधलेली होती. तो म्हणाला, शनिवारपर्यंत थांबायला त्याची काही हरकत नाही.

महादूने आठवडाभर किशोरीला एकच प्रश्न विचारला. "सर कितपत हुशार आसत?"

"लय," किशोरी दर वेळी म्हणाली, आणि दर वेळी तिला त्या हुशारीचं वाईटही वाटलं आणि बरंही.

शुक्रवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात आता मच्छीमारही होते, सरांचा निरोप आला: 'किशोरीताईंच्या दोन्ही कविता पुन्हा पुन्हा वाचल्या. एका ओळीपाशी अडलो आहे. उद्या बोलू.'

ओळ कुठली, ते त्यांनी लिहिलेलं नाही. निरोपाखाली पहिला अंगठा प्रितमचा आहे.