खरखर

रेडिओकाकांचा मुलगा परगावी नोकरीला गेला आणि आपला कॉम्प्युटर घरी टाकून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, याच्या प्रोसेसरमध्ये सोळा कोअर आहेत. म्हणजे समजा सोळा गडी, एकदम कामाला." हयातभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेल्या काकांच्या हे जिवाला लागलं. मुलगा त्या गड्यांकडून नुसते खेळ खेळून घ्यायचा, आणि आता तर तेही नाही.

"फुकट बसून खातात मेले," काका म्हणायचे.

काम सापडलं ते लेकीमुळे. तिला दिवस गेले होते. एकदा फोनवर ती म्हणाली, "बाबा, आईचा आवाज कुठे आहे का हो? बाळाला ऐकवला असता. मलाही आता नीट आठवत नाही."

काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिची वेगळी अशी टेप नव्हती. काकांच्या थापांच्या मात्र खोकंभर होत्या. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला की तपासायला म्हणून काका माइकसमोर बसून एक थाप ठोकून द्यायचे आणि मागून, स्वयंपाकघरातून, काकू बोलायची.

"आहे ना. पण खरखरीत बुडालाय," काका म्हणाले. "तू ये तर खरी. आरशासारखा लख्ख करून ठेवतो."

सगळ्या कॅसेटी त्यांनी कॉम्प्युटरात उतरवून घेतल्या. मग कॅसेटींचं काय करायचं, तर आतली चकचकीत फीत ओढून बाल्कनीत बांधली. वाऱ्यावर फडफडली की कबुतरं फिरकत नाहीत.

मग खरखर काढणारा प्रोग्राम लावला आणि प्रोसेसरचा वेग असा चढवला की सोळाच्या सोळा गडी घामाघूम. डबा इतका तापायचा की त्यावर काकांचे मोजे वाळत. पंख्याच्या वाऱ्याने समोरच्या घरातले पडदे उडत, आणि समोरच्या बाई सांगत की त्यांचं मांजरही एकदा उडालं. पडद्यांचं तरी खरं असावं.

प्रोग्रामने विचारलं, मुख्य आवाज ठेवून बाकीचे काढू? काका म्हणाले, काढ. जुन्या फाइली ठेवू? कचरा कशाला ठेवायचा? पहिली टेप तयार झाली तेव्हा त्यांनी सुरुवात ऐकली. स्वतःचा आवाज इतका खणखणीत की ते खूश होऊन गेले आणि बाकीच्या टेपा न ऐकताच रांगेला लावल्या.

लेक आली. पाय वर घेऊन खुर्चीत बसली. काकांनी बटण दाबलं.

"...आणि मगर सरळ माझ्या रेडिओत शिरली," टेपमधले काका म्हणाले.

शांतता.

"शिरली म्हणजे शिरली. तू होतीस का तिथे?"

शांतता.

"बरं, लहान मगर होती."

पुन्हा शांतता, जरा लांब.

"पाल म्हण हवं तर."

लेक हसली. मग हसायची थांबली. दुसरी टेप लावली, तिसरी लावली. काका एकटेच भांडत होते, एकटेच हरत होते.

"बाबा, यात आई कुठाय?"

"यंत्र आहे गं. त्याला काय कळतंय."

"तुम्ही काय सांगितलं होतंत त्याला?"

"मुख्य आवाज ठेव म्हटलं. बाकीचे काढ."

लेकीने टेप बंद केली. मग हळूच म्हणाली, "मग त्याचं चुकलं नाही. आई कायम मागूनच बोलायची."

काका उठून बाल्कनीत गेले. उन्हाने फीत चुरगळली होती, ठिकठिकाणी तुटली होती, आणि कठड्यावर दोन कबुतरं तिला न भिता बसली होती. काकांनी गाठी सोडवल्या. लेकीने पेन्सिल घालून तुकडा तुकडा कॅसेटीत गुंडाळला. तुटलं तिथे काकांनी चिकटपट्टी लावली. सांधे सरळ बसले.

जुना टेपरेकॉर्डर माळ्यावरून निघाला. खरखर सुरू झाली. नुसती खरखर. मध्ये कुठेतरी काकांचा एक अर्धा शब्द. त्यामागे भांडं वाजल्यासारखं झालं, किंवा झालं नाही.

"परत कॉम्प्युटरात घालून साफ करून बघायचं का?" लेकीने विचारलं.

"नको," काका म्हणाले. "आता कशालाच हात लावायचा नाही."

दोघं ऐकत बसली. फीत संपत आली तशी काका टेपरेकॉर्डरकडे थोडे वाकले.

"पाल होती," ते त्या खरखरीला म्हणाले. "तीसुद्धा मेलेली."