शिवडीची तिवरं

गिरणी कामगारांचा संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. जगनची गिरणी पुन्हा उघडली नाही, एवढंच तुळसाला कळलं. जगन, तिचा नवरा, आधी मोर्चांना जायचा, मग नुसता खाटेवर पडून राहायला लागला. अशी वर्षं गेली. तुळसा शिवडीच्या चिखलात खेकडे, चिंबोऱ्या धरून परळला विकायची, पण तेवढ्यावर घर चालेना. शेवटी तिने कोयता उचलला. एका बेकरीवाल्याला भट्टीसाठी खाडीकाठच्या तिवराच्या झाडांचं लाकूड हवं होतं.

खाडीत तिवरं तोडतानाच तिला जसिंता टीचर भेटल्या. खोताच्या वाडीतल्या, कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवणाऱ्या. गुडघाभर चिखलात उभ्या राहून त्या लांब नळीने खालची माती तपासायला काढत होत्या.

"तुळसाबाई, नका हो तोडू. हवेतला कार्बन, त्या बेकरीच्या भट्टीच्या धुरातला सुद्धा, ही झाडं ओढून घेतात नि मुळांखाली पुरून ठेवतात. कित्येक पिढ्यांचा साठा आहे इथे. झाडं गेली की चिखल उघडा पडतो आणि सगळं परत हवेत जातं. आधीच हवा तापत चाललीय."

"तापू दे, टीचर. पोरींना आज काय घालू ते सांगा."

 टीचरनी आपला जेवणाचा डबा पुढे केला. तुळसाने तो घेतला नाही आणि हातही थांबवला नाही.

हळूहळू किनाऱ्याला मोठी मोकळी जागा झाली. उघड्या चिखलाला भेगा पडल्या, चिंबोऱ्यांची बिळं ओस पडली. मग एका सकाळी त्याच जागेतून ट्रक आत शिरले आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा उरलेल्या तिवरांवर ओतू लागले.

तुळसा आडवी गेली. "अरे थांबा! झाडं हायत ती!"

"मावशी, वाट तर तुम्हीच केलीत," ड्रायव्हर म्हणाला. त्याने टिंगल केली नव्हती, म्हणून तिला ते जास्तच लागलं.

ती तडक खोताच्या वाडीत गेली. टीचरनी या भरावाबद्दल पालिकेत तक्रारी केल्या, कुणी फिरकलंही नाही. मग दोघींनी मिळून तिवराच्या बिया उरलेल्या चिखलात खोचल्या. भरतीने त्या उपसून नेल्या. पुन्हा खोचल्या.

"माझ्या कोयत्यानं किती परत हवेत गेलं, टीचर? तुम्हाला मोजता येतं ना?"

"येतं," टीचर म्हणाल्या, आणि खाली बघून बी खोचत राहिल्या. 

पावसाळा सरेपर्यंत एकही रोप तगलं नाही, नि राडारोड्याने तो किनारा भरून गेला. तुळसा लालबागला धुण्याभांड्याला जायला लागली. जगनने एकदाच विचारलं, "खाडीवर जात नाहीस?"

"तिकडे आता जमीन झालीय," ती म्हणाली.