हट म्हणण्याआधीचा श्वास

गेल्या मोसमात जेरेल प्रूइटला अमेरिकन फुटबॉलच्या अकरा सामन्यांत एक्केचाळीस वेळा आडवं पाडलं. आमचं मॅकएल्रॉय कॉलेज काही मोठं नाही, पण शनिवारी आख्खं गाव त्या मैदानाभोवती असतं, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवून चेंडू फेकणारा, पडला की गावच पडतं. जेरेल एकोणीस वर्षांचा, आमच्या पास्टर हेझकाया प्रूइटांचा नातू. चार वर्षांचा होता तेव्हापासून दर रविवारी मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची तेव्हा तो बाकावर माझ्या डाव्या हाताला बसायचा आणि आजोबांचा उपदेश ऐकायचा. त्यामुळे तिकडे तो पडला की इकडे माझ्या बरगडीत कळ यायची.

जानेवारीत जुने कोच गेले आणि नवी मंडळी आली. मुख्य कोच टॉलिव्हर ओहायोकडचे, उंच, बोलायला काटकसरी. येताना त्यांनी ॲरिझोनाहून केसी ब्रॅनम नावाचा दुसरा क्वार्टरबॅक आणला. पहिल्याच दिवशी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आपल्यातला सामना. दोघांना सारख्या पाळ्या, समोर तीच बचावफळी. त्या दिवशी जो सरस, तो सप्टेंबरात मैदानात. दुसरा बाकावर."

जेरेलने हे मला येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मिस अर्नेस्टीन, त्यांनी ठरवूनच आणलाय त्याला."

"ठरवून आणला असता तर तुला तारीख कशाला दिली असती? जेवलास का?"

कोचनी त्याला पायापासून घडवायला घेतलं, हे मात्र कबूल करायला हवं. मागे सरकताना पावलं किती, कोपर कुठे, डोळे आधी कुठे आणि मग कुठे. सहा आठवड्यांत पोराचा चेंडू सुताराने रंध्याने साफ केलेल्या फळीसारखा सरळ सुटायला लागला. तरीही तो पडत होताच. केसी उभा राहिला की आमची बचावफळी इतर कुणाच्याही बचावफळीसारखी वागायची. जेरेल उभा राहिला की मात्र तेच लोक अंगात आल्यासारखे त्याला पाडायला धावायचे. त्यात मार्केझ लव्हेट सगळ्यात पुढे. दोन माणसांएवढा, सेल्मा गावाकडच्या एका डीकनचा, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याचा मुलगा.

कोचनी त्याला बोलावून विचारलं, "नियम काय आहे? चेंडू हलायच्या आत हललास तर पाच यार्डांचा दंड. तू हलतोस चेंडूबरोबरच, ना आधी, ना नंतर. चेंडू बघून निघणाऱ्याला थोडा तरी उशीर होतो. तुला होत नाही. काय बघून निघतोस?"

"काय माहीत, कोच. निघावंसं वाटतं आणि मी निघतो."

"आणि केसीच्या वेळी?"

"तेव्हा नाही वाटत."

मार्चच्या तिसऱ्या रविवारी कोच आमच्या चर्चमध्ये आले. नवा माणूस आला की त्याला उभं करून नाव विचारायचं आणि पहिल्या ओळीत बसवायचं, ही आमची रीत. ते ऑर्गनच्या जवळच बसले, टाय घट्ट करून. मागच्या बाकांवर बचावफळीतले सहा जण होते, कारण त्यांच्या आयांनी फोन करून त्यांना पाठवलं होतं.

पास्टरांचा विषय होता यरीहोची तटबंदी, बायबलातली, सातव्या फेरीनंतर नुसत्या आरोळीने कोसळलेली. ते सुरुवातीला बोलतात. पाऊण तास ते बोलणं पायऱ्या चढत जातं आणि मग एका क्षणी बोलणं संपून गाणं सुरू होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी ते छाती भरून श्वास घेतात, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा. त्या श्वासावर माझा ऑर्गन आणि लोकांचं आमेन एकदमच पडतं. तिथे कुणी मोजत नाही. देवाची कृपा एवढी की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचा श्वास शाबूत आहे. त्या दिवशी तटबंदीला पाचवी फेरी झाली, सहावी झाली, माझे डोळे वाहत होते, आणि मला दिसलं की कोच पास्टरांकडे पाहतच नाहीत. पाठ वळवून ते मागच्या बाकांकडे बघत होते. श्वास आला की तिथली सहाही धिप्पाड पोरं एकदम पुढे झुकत होती.

प्रार्थना संपल्यावर ते माझ्याकडे आले. "मॅडम, सूर नेमका कधी दाबायचा ते तुम्हाला कसं कळतं?"

"श्वास सांगतो की."

त्यांनी टाय सैल केला. मग म्हणाले, "उद्या चार वाजता मैदानावर याल?"

मी गेले. त्यांनी मला मैदानाकडे पाठ करून खुर्चीवर बसवलं. "चेंडू सुटणार असं वाटलं की टाळी वाजवा."

क्वार्टरबॅक आकडे पुकारतो, आणि त्याच्या 'हट'ला पुढचा गडी चेंडू मागे त्याच्याकडे सोडतो. मागून केसीचा आवाज आला. "निळा ऐंशी. निळा ऐंशी. हट." माझी टाळी उशिरा पडली. चार वेळा उशिराच. मग जेरेल आला. "निळा ऐंशी. निळा ऐंशी." आणि मला ऐकू आला तो श्वास, आजोबांचाच, छाती भरून. माझे हात आपोआप एकमेकांवर आपटले. टाळी आणि हट एकाच मात्रेवर. दहापैकी दहा वेळा.

मी वळले तेव्हा जेरेल माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं कळलं होतं.

"म्हणजे वर्षभर मीच त्यांना सांगत होतो," तो म्हणाला. "मी निघालो, या, मला पाडा."

"ज्या ज्या संघांशी खेळलास त्यांची निम्मी पोरं अशाच चर्चमध्ये वाढलीत, बाळा. त्यांचा तरी काय दोष?"

मार्केझ हेल्मेट काढून उभा होता. "बघा कोच, मी म्हटलं होतं ना, वाटतं म्हणून."

कोचनी तो श्वास काढून टाकायचं ठरवलं. तीन दिवस जेरेल सपाट आवाजात हट म्हणत राहिला, आणि तीन दिवस त्याचा एक चेंडू धड गेला नाही. श्वासाबरोबर त्याची लयच गेली. पुढे भिंत करून उभे राहणारे त्याचे पाच जणही अडखळले, कारण नकळत तेही त्याच श्वासावर निघत होते. केसी शेजारच्या पट्ट्यात एकेक चेंडू नेमका पोचवत होता. गुरुवारी जेरेल माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. समोर भाजलेलं रताळं होतं, त्याला हातसुद्धा लावला नाही.

"मी शनिवारपर्यंत कसा शिकू दुसऱ्यासारखं बोलायला?"

"कोणत्या शनिवारपर्यंत? अजून पाच आहेत. आणि आजोबा आयुष्यात एकदाही दुसऱ्यासारखे बोलले नाहीत, पण लोकांना चकवलं नाही असं नाही."

त्याने रताळं पुढे ओढलं. मग हळूच म्हणाला, "रिकामा श्वास."

पास्टरांची ती जुनी खोडी आहे. उपदेश अगदी टिपेला पोचला की ते श्वास घेतात आणि गप्प राहतात. आख्खं चर्च आमेन म्हणून मोकळं होतं, आणि पास्टर रुमालाने कपाळ पुसत हसतात. मलासुद्धा त्यांनी दोनदा फसवलंय, आणि मी तीस वर्षं त्यांच्यामागे वाजवतेय.

जेरेल दुसऱ्याच दिवशी कोचकडे गेला. कोच म्हणाले, "कर." त्याने रिकामा श्वास घेतला आणि सगळ्यात आधी कोण हललं? त्याचाच डाव्या बाजूचा भिंतीतला गडी, टेरेन्स. शिट्टी. नियम दोन्ही बाजूंना सारखाच, पाच यार्ड मागे. पुन्हा केला, या वेळी तिघं हलले, तिघंही आपलेच.

"कल्पना चांगली आहे," कोच म्हणाले. "आधी तुझ्या माणसांना शिकव. कसं ते तू बघ."

त्यानंतर चार बुधवार संध्याकाळी पाच वाजता आमच्या चर्चमध्ये जे चाललं, तसं तिथे कधी घडलं नव्हतं. पहिल्या बाकावर दीड-दीडशे किलोचे पाच गडी, बाक कुरकुरतोय. व्यासपीठावर जेरेल, ऑर्गनवर मी. तो आजोबांच्या ढंगात गात काहीही म्हणायचा, कधी यरीहो, कधी मेसमधल्या भातावर गाणं, आणि मधेच श्वास घ्यायचा. जो हलला त्याने उठून फरशी पुसायची. पहिल्या बुधवारी आख्खं चर्च पुसून झालं.

भजनमंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ मदर ओपल सरावाला लवकर आल्या आणि दारातच थबकल्या. "अर्नेस्टीन, तू या पोरांना आमेन न म्हणायला शिकवतेयस?"

"मदर, आमेन म्हणायचंच आहे. फक्त वेळेवर."

"आणि हा टेरेन्स रडतोय का?"

"घाम आहे मॅडम," टेरेन्स म्हणाला. रडतच होता. भातावरच्या गाण्यात सुद्धा जेरेलने जीव ओतला होता.

चौथ्या बुधवारी जेरेलने सलग वीस रिकामे श्वास घेतले आणि बाक एकदाही कुरकुरला नाही. हललो ती मीच. फरशी मी पुसली.

शनिवारी मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. कुंपणालगत घडीच्या खुर्चीवर पास्टर, त्यांच्या शेजारी मी. केसी खरंच चांगला खेळला, खोटं कशाला बोलू. सहा पाळ्यांत तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार.

जेरेलच्या पहिल्याच पाळीत तो वाकला. "निळा ऐंशी. निळा ऐंशी." श्वास. मार्केझ आणि आणखी तिघं भिंतीवर जाऊन आदळले. चेंडू जागच्या जागी. त्याचे पाचही गडी दगडासारखे. पंचांनी दंडाचा पिवळा रुमाल टाकला, बचावफळी पाच यार्ड मागे.

"मार्केझ," टेरेन्स गोडीने म्हणाला, "उपदेश अजून संपला नव्हता रे."

"गप बस."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मार्केझने स्वतःला आवरलं, पण त्याच्या शेजारचा गेला. मग बचावफळीला कशाचाच भरवसा राहिला नाही, आणि जेरेलला हात उचलायला वेळ मिळाला. दोन पाळ्या वाया गेल्या, एकदा चेंडू हातातून निसटला, पण पाच पाळ्यांनंतर त्याचेही तीन टचडाउन झाले होते. शेवटची पाळी उरली.

ती शेवटच्या रेषेपासून अडतीस यार्डांवर अडली. चौथा आणि शेवटचा डाव, पाळी टिकवायला अजून चार यार्ड हवेत. दंडाचे पाच मिळाले तरी चालणार होतं, हे मैदानावरच्या सगळ्यांना माहीत होतं. मार्केझ मोठ्याने ओरडला, "श्वास घेईल तो. कोणीही हलायचं नाही. जो हलेल त्याला मी बघतो."

पास्टर माझ्याकडे झुकले. "काय करतोय तो?"

"वाकलाय, रेव्हरंड."

"निळा ऐंशी. निळा ऐंशी."

श्वास आला, छाती भरून, कुंपणापर्यंत ऐकू येणारा. समोरचे सगळे दात-ओठ खाऊन जागेवर रुतून राहिले. आणि त्याच मात्रेवर, अगदी पूर्वीसारखंच, जेरेल म्हणाला, "हट."

चेंडू सुटला तेव्हा मार्केझचे हात अजून गवतावरच होते. जेरेल पाच पावलं मागे आला, कोपर जिथे हवं तिथे, आणि अडतीस यार्डांवर, शेवटच्या रेषेपार धावणाऱ्या पोराच्या ओंजळीत त्याने तो चेंडू असा ठेवला की त्याला मान वळवण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. मदर ओपल म्हणतात, ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं.

टेरेन्सने जेरेलला खांद्यावर घेतलं होतं, तिथेच कोच पोचले. "खाली उतर," ते म्हणाले. तो उतरला. "सप्टेंबरचा पहिला सामना तुझा. पावलं अजून एक जास्त पडतायत. सोमवारी ये."

"हो, कोच."

केसी हात पुढे करून आला. "तुझ्या पाठीमागेच आहे मी, लक्षात ठेव."

"राहा की," जेरेल म्हणाला आणि त्याचा हात धरून त्याला सगळ्यांबरोबर आमच्या खुर्च्यांकडे घेऊन आला. "आजोबा, हा केसी. याला भूक लागलीय."